दट्ट्याच्या सात फेऱ्या

मेमो दुपारी तीनला आला. लिपिकानं तो हातात दिला आणि पोच म्हणून वहीत सही घेतली. मुंजाबा गोफणेनं आधी हात धुतले, पुसले, मगच कागद उघडला. प्रयोगशाळेत ओल्या हातानं कागदाला शिवायचं नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा नियम.

कागदावर चार ओळी होत्या. "संबंधित परिचर यांचे हात वयोमानामुळे स्थिर राहत नाहीत. नमुना घोटण्याच्या कामी त्यांच्याकडून निष्काळजीपणा झाल्याने सलग तीन प्रयोग वाया गेले आहेत. सदर बाबीची नोंद सेवापुस्तकात घेण्यात येत आहे." खाली विभागप्रमुख विश्वजीत सरांची सही होती.

त्यानं कागद तीनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि राहिलेल्या काचनळ्या धुवायला घेतल्या. बेचाळीस होत्या. बेचाळीसही धुतल्या, उलट्या करून जाळीवर लावल्या. राग आला म्हणून काम अर्धं टाकून जाणाऱ्यांतला तो नव्हता. पण राग आला होता. असा राग त्याला बापानं कळप विकला त्या दिवसानंतर आला नव्हता.

मुंजाबा मूळचा फर्दापूरच्या डोंगराकडचा, मेंढपाळाच्या घरचा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत कळपामागं चालला. मग सलग दोन दुष्काळ पडले आणि बापानं मेंढरं विकून टाकली. मुंजाबा चिकलठाण्याला आला आणि एका कारखान्यात पोती उचलायला लागला. बारा वर्षं पोती उचलली. पुढं या कॉलेजात रोजंदारीवर लागला, मग कायम झाला. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. मुलं त्याला मामा म्हणायची. काम काय, तर भांडी धुणं, बर्फ फोडणं, सामान आणणं, आणि बकऱ्याची कलेजी घोटणं.

हे शेवटचं काम त्याला मोतीराम सरांनी शिकवलं. ते तेव्हाचे विभागप्रमुख. सर स्वतः अंगात ॲप्रन घालून घोटायचे आणि मुंजाबाला शेजारी उभं करायचे. भांडं म्हणजे जाड काचेची एक नळी. तिच्यात अगदी मापात बसणारा टेफ्लॉनचा पांढरा दट्ट्या, आणि दट्ट्याला पोलादी दांडी. नळीत कलेजीचे बारीक तुकडे आणि साखरेचं थंडगार पाणी टाकायचं आणि नळी बर्फात धरून दट्ट्या खालवर करायचा. सात फेऱ्या. खाली जाताना जोर लावायचा, वर येताना सावकाश, नाहीतर मधे पोकळी होऊन हवा शिरते आणि माल बिघडतो. पाच फेऱ्यांत पेशी पुरत्या फुटत नाहीत. दहा केल्या तर पेशीच्या आतलं जे हवं असतं तेही फुटतं.

जे हवं असतं त्याचं नाव मायटोकॉन्ड्रिया. पहिल्या वर्षी मुंजाबाला ते नाव नीट म्हणता यायचं नाही. पण ते काय आहे हे त्याला नाव यायच्या आधी कळलं, कारण मोतीराम सर सांगताना कंटाळत नसत.

"मुंजाबा, पेशीची सगळी ताकद इथं तयार होते," सर म्हणाले होते. "पण गंमत बघ. या कारखान्याला स्वतःचे भाग स्वतः बनवता येत नाहीत. तेरा प्रथिनं तेवढी घरची. बाकी हजाराच्या वर बाहेर तयार होतात आणि आत आणावी लागतात."

"कशी आणायची?"

"प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला एक चिठ्ठी असते. कुठं जायचंय ते तिच्यावर. दारावर ती चिठ्ठी ओळखतात. पण दार लई अरुंद. घडी घातलेलं प्रथिन आत मावत नाही. त्याची घडी मोडून, दोऱ्यासारखं सरळ करून ओवावं लागतं. एक दार बाहेरच्या सालीला, दुसरं आतल्या सालीला. आतल्या सालीवर विजेचा ताण असतो, तो चिठ्ठीला आत ओढतो. पूर्ण आत आलं की चिठ्ठी कापून टाकतात, आणि प्रथिन आपली घडी घालून कामाला लागतं."

"म्हंजे कंपनीच्या गेटसारखं," मुंजाबा म्हणाला. "आमची चिठ्ठी बी गेटावर फाडायचे. फरक येवढाच का यांना आत गेल्यावर कायम करतात. आम्हाला सांजच्याला बाहेर काढायचे."

मोतीराम सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं कित्येक वर्षं ते वर्गात हे वाक्य सांगायचे, आणि सांगताना नाव घ्यायचे. 'आमचा मुंजाबा म्हणतो' असं. मुंजाबा दाराबाहेर बर्फ फोडत ते ऐकायचा.

एकदा सरांनी त्याला सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशी दाखवली. आत मायटोकॉन्ड्रियाच्या हिरव्या शेवया हलत होत्या. दोन शेवया जवळ आल्या, टोकाला टोक लागलं, आणि बघता बघता एक झाल्या. सर म्हणाले, आधी बाहेरची साल बाहेरच्या सालीला जुळते, मग आतली आतलीला. मग दोघींचा माल एक होतो. एकीत काही कमी असलं तर दुसरीतून भरून निघतं. मुंजाबाला दुपारच्या उन्हातली मेंढरं आठवली. सावली नसली की ती एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहतात, आणि प्रत्येकीचं डोकं तेवढं वाचतं. "पण जिचा ताण मेला," सर म्हणाले, "तिचं दार चालत नाही. आतली साल जुळवणारं प्रथिनही चुकीच्या जागी कापलं जातं. मग तिला कुणी जुळवून घेत नाही. पेशी तिला मोडीत काढते."

आजारी मेंढी आपणही कळपापासून वेगळी बांधतो, एवढं मुंजाबा मनात म्हणाला. त्यानंतर त्यानं कलेजी घोटून निघणाऱ्या तपकिरी रसाकडं कधी नुसता रस म्हणून पाहिलं नाही.

म्हणून त्याची सकाळ ठरलेली असायची. प्रयोगाच्या दिवशी साडेसहाला सिल्लेखान्यात. तिथं हनीफभाईचं मटणाचं दुकान. मुंजाबाच्या दिवसासाठी हनीफ एक बकरा आदल्या संध्याकाळपासून उपाशी, वेगळा आणि शांत बांधून ठेवायचा. भरल्या पोटाच्या जनावराच्या कलेजीत साखरेचा साठा असतो, तो नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा बसतो आणि माल घाण करतो. कलेजी निघाली की तीन मिनिटांत थंड साखरपाण्यात, बर्फाच्या डब्यात, आणि डबा मोपेडवर पायांच्या मधे. कॉलेज बारा मिनिटांवर.

"एकतीस साल से कलेजी लेके जारा तू," हनीफ दर वेळी म्हणायचा. "तेरे साबां को मिला नै क्या अब तक?"

"मिळतं, पुन्हा हरवतं," मुंजाबा म्हणायचा.

मोतीराम सर निवृत्त झाले, पुढं वारले. विश्वजीत सर आले. माणूस हुशार, कामाचा उरक मोठा, पण हात कोरडे. बर्फात हात घालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली अमृता पीएचडी करत होती. तिचा विषय नेमका तोच: आतली साल जुळवणारं प्रथिन दारातून आत कसं जातं आणि आत त्याची चिठ्ठी कुठं कापली जाते. चार वर्षं झाली होती. शेवटचे प्रयोग राहिले होते, प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता. पोरगी कष्टाळू. मुंजाबा तिला ताई म्हणायचा, ती त्याला मामा.

दसऱ्यानंतरचे तिन्ही प्रयोग फसले. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा सरांनी मुंजाबाच्या हाताकडं पाहिलं. तिसऱ्यांदा मेमो आला. निवृत्तीला साडेतीन महिने राहिले होते आणि सेवापुस्तकात एकतीस वर्षांत एक वाकडा शब्द नव्हता.

घरी त्यानं कागद पारूबाईला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि परातीतले हात तसेच ठेवून विचारलं, "हात कापत्यात म्हनं तुमचे?"

"तसं लिव्हलंय."

"मग रोज सकाळी वस्तऱ्यानं दाढी कोन करतं? मी करते व्हय?"

"हसू नको."

"हसत नाय. त्या सायबाला म्हनावं, ये, तुझी बी करून देतो. बसतो का बघ मान वर करून."

मुंजाबाला हसू आलं नाही. जेवताना त्यानं पेल्यात काठोकाठ पाणी भरलं आणि पेला हातावर धरून बसला. थेंब सांडला नाही. पारूबाई बघत होती. तिनं पेला काढून घेतला आणि भाकरी वाढली. आपण आपल्याच घरात आपल्या हाताची परीक्षा घेत बसलो, याची त्याला मेमोपेक्षा जास्त चीड आली. चार ओळींनी माणसाला इथवर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो अमृताकडं गेला. "ताई, तिन्ही वेळच्या पट्ट्या दाखवा मला."

तिनं दाखवल्या. तिचा चेहरा उतरलेला होता. "मामा, मी सरांना म्हणाले होते की तुमची चूक नसेल."

"नसेल नव्हं. नायच. दाखवा."

या पट्ट्या त्यानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पट्टीवर पाच रांगा असतात आणि जिथं प्रथिन असेल तिथं काळी रेघ उमटते. पहिल्या रांगेत आत न गेलेलं, चिठ्ठीसकट प्रथिन. दुसऱ्या रांगेत आत जाऊन चिठ्ठी कापलेलं, म्हणून जरा आखूड; त्याची रेघ थोडी खाली पडते. तिसऱ्या रांगेत बाहेरून प्रथिन खाणारा एक पाचक टाकतात. जे बाहेर राहिलं ते तो खातो, जे दारातून आत गेलं ते वाचतं. इथली काळी रेघ म्हणजे प्रयोग साधला. चौथ्या रांगेत औषध टाकून विजेचा ताण मारलेला असतो, म्हणजे आत काहीच जात नाही. आणि पाचव्या रांगेत मुद्दाम साबण टाकतात. साबणानं दोन्ही साली विरघळतात, पाचकाला आतबाहेर सगळं मोकळं मिळतं, आणि रांग कोरी राहते. कोरीच राहायला हवी.

मुंजाबानं तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या रांगेत ती खालची रेघ कुठंच नव्हती. तिसरी रांग तिन्ही वेळा कोरी. नुसती फिकट नव्हे, पांढरी स्वच्छ.

"सर म्हणतात जास्त घोटल्यानं साली फुटल्या," अमृता म्हणाली.

"ताई, मोतीराम सरांनी मला एकदा मुद्दाम वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बिघडतं कसं ते कळावं म्हणून. त्या टायमाला तिसरी रांग फिक्की आली होती. पण आली होती. दट्ट्यानं फुटतं तेव्हा काही फुटतं, काही उरतं. सगळंच्या सगळं असं धुऊन जात नाय." त्यानं पाचव्या रांगेवर बोट ठेवलं. "ही तिसरी हुबेहूब हिच्यासारखी हाय. हिच्यात तुम्ही साबण टाकता. तिच्यात कुणी टाकला?"



कलेजी घोटायच्या भांड्याला साबण लावत नाहीत, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेत मुंजाबाला सगळ्यांत आधी शिकवली गेली होती. ते भांडं तो एकटा धुवायचा, फक्त उकळत्या पाण्यानं, मग तीनदा शुद्ध पाण्यानं. ते पत्र्याच्या एका डब्यात, कुलपात असायचं. खंडेनवमीला सगळ्या विभागात हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, तेव्हाही तो डबा उघडत नसे. डब्याच्या झाकणावर एक फूल ठेवायचा, कपाळ टेकवायचा, झालं. आतल्या भांड्याला हळदीकुंकवाचा सोस नाही, असं तो म्हणायचा.

यंदा खंडेनवमीला तो नव्हता. आईच्या वर्षश्राद्धासाठी दोन दिवस गावी गेला होता. डब्याची किल्ली अमृताकडं देऊन गेला होता, मधे गरज पडली तर म्हणून.

त्यानं डबा आणला. भांडं काढलं. नळीत नुसतं शुद्ध पाणी घातलं, दट्ट्या घातला आणि सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला पाण्यावर फेस आला. बोटभर. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, बसायचं नाव न घेणारा.

"पण मामा, तुम्ही तर दर वेळी उकळून धुता," अमृता म्हणाली.

"बाहेरून." त्यानं दट्ट्या हातात धरून फिरवला. दट्ट्याचं डोकं दांडीवर आट्यांनी बसवलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी मोतीराम सरांनी ते घट्ट केलं होतं आणि सांगितलं होतं, हे पुन्हा उघडायचं नाही, माप हलतं. मुंजाबानं दोन बोटांनी पिळलं. डोकं सहज फिरलं. अकरा वर्षं न हललेली गोष्ट दोन बोटांत निघाली. आतल्या आट्यांत पांढरट चिकट थर भरलेला होता आणि त्या थरात लाल कण होते.

कुंकू होतं ते.

 

"मी धुतलं," अमृता म्हणाली. "सर म्हणाले, पूजेचा फोटो विभागाच्या वेबसाइटवर टाकायचाय, तपासणी समिती येणार आहे, सगळं चकचकीत करा. मी म्हटलं, हे भांडं मामा काढू देत नाहीत. ते म्हणाले, हेच तर आपलं मुख्य हत्यार, हे मधोमध ठेवा. पूजेनंतर कुंकू काढायला मी डोकं उघडून साबणानं आतूनसुद्धा घासलं, मामा. मला वाटलं, नीट करावं."

तिनं मोबाइल काढला. फोटोत टेबलावर तांबडं कापड होतं. त्यावर मधोमध ते भांडं. दट्ट्यावर हळदीकुंकवाची बोटं, काचेच्या नळीत झेंडूचं फूल खोचलेलं. मागं विश्वजीत सर हात जोडून उभे.

मुंजाबानं फोटो बराच वेळ पाहिला. पोरीचा राग त्याला आला, पण तो टिकेना. तिनं काम केलं होतं, जरा जास्तच केलं होतं. कुठं हात लावायचा नाही हे माहीत नसताना केलेली मेहनतसुद्धा नुकसान करते, पण निदान ती मेहनत असते. त्याला राग आला तो त्या जोडलेल्या हातांचा. फुलासाठी भांडं बाहेर काढायचं, आणि प्रयोग फसला की धुणाऱ्याला विचारायचं नाही, घोटणाऱ्याचे हात म्हातारे म्हणून लिहून मोकळं व्हायचं. धुतलं कुणी, हा साधा प्रश्न एका डॉक्टरेट झालेल्या माणसाला तीन वेळा फसूनही सुचला नव्हता.

तो भांडं घेऊन सरांच्या खोलीत गेला. अमृता मागून गेली. त्यानं टेबलावर भांडं ठेवलं, पाणी घातलं आणि सात फेऱ्या मारल्या. फेस आला. मग दट्ट्याचं डोकं काढून त्याच्या आट्या सरांसमोर धरल्या.

सर हुशार होते. दोन मिनिटांत समजले. खुर्चीत मागं टेकले. "अच्छा. म्हणजे हे असं झालं. बरं झालं मामा, शोधलंत. आता नवीन दट्ट्या मागवू. तोवर हा स्वच्छ करून पुढच्या आठवड्यात पुन्हा लावूया प्रयोग."

"आणि मेमो?"

"अहो, तो काय. ते मनावर घेऊ नका."

"मी मनावर घ्यायचा प्रश्न नाय सर. तुम्ही कागदावर घेतलंय."

सरांनी अमृताकडं पाहिलं, मग दाराकडं. आवाज खाली आणला. "मामा, जरा समजून घ्या. मेमो मागं घ्यायचा म्हणजे कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की हिचं नाव येतं. हिचं अख्खं करिअर पुढं आहे. तुमचे तीन महिने राहिलेत. सेवापुस्तक नंतर कोण उघडून बघतंय? निरोपाला शाल-श्रीफळ माझ्या हातून देईन, चार चांगले शब्द बोलेन."

मुंजाबा भांडं पुसत होता. पुसून झालं. "हिचं नाव कशाला येतं? भांडं बाहेर काढायला कुणी सांगितलं ते लिव्हा की."

 सरांनी एक फाईल उघडली. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ होता.

पुढच्या गुरुवारी प्रयोग होता. मुंजाबा साडेसहाला सिल्लेखान्यात गेला. हनीफनं कलेजी काढून दिली आणि त्याचं तोंड पाहून विचारलं, "क्या मियां, आज कोन गुजर गया?"

"मेरे हाथां गुजर गये बोलतेत," मुंजाबा म्हणाला. "कागद पे लिखके दिये."

हनीफनं सुरी ठेवली. "इत्ते साल में मैं उंगली दो बार काटा. तू एक बार बी डब्बा नै गिराया. कोन लिखा? बुला उसको इदर." मग त्याच्याकडं नीट पाहून म्हणाला, "लिखनेवाले से लिखाके ले. मुंह की बात मत सुन."

मुंजाबानं कलेजी बारा मिनिटांत पोचवली. बर्फ फोडला. दट्ट्या त्यानं आदल्या दोन दिवसांत सुटा करून उकळला होता, स्पिरिटमध्ये बुडवला होता, पुन्हा उकळला होता. आट्यांतून ब्रशनं शेवटचा लाल कण काढला होता. पुन्हा जोडून, पाण्यात सात फेऱ्या मारून बघितलं होतं. फेस आला नव्हता. सगळं बर्फात मांडून झालं आणि तो दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकून उभा राहिला.

"मामा, घ्या ना घोटायला," अमृता म्हणाली.

"मला येणार नाय ताई. माझे हात स्थिर नाहीत."

सर आत आले होते. "हे काय चाललंय?"

मुंजाबानं खिशातून मेमो काढला. "सर, तुमच्या सहीचा कागद हाय. हात थरथरत्यात असं लिव्हलंय. आता मी घोटलं आणि बिघडलं तर म्हणाल, सांगूनही घोटलं. कागद खरा असंल तर मी घोटायचं नाय. कागद खोटा असंल तर तसा दुसरा कागद द्या. बाकी सगळं काम करतो. बर्फ लागला तर सांगा."

सरांनी बाह्या वर केल्या. स्वतः घोटायला बसले. मुंजाबा बघत होता. दट्ट्या वर येताना झटक्यानं येत होता, मधे हवा शिरत होती, नळीत फेसासारखा तांबूस रस चढत होता. सर मोजत नव्हते. मुंजाबा मोजत होता. एकवीस. बर्फात धरलेला सरांचा डावा हात लालबुंद झाला आणि थरथरायला लागला. चाळीस वर्षांचा हात.

मुंजाबाला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. हे बघून आपल्याला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. एका उपाशी बांधलेल्या बकऱ्याची कलेजी आणि सकाळची बारा मिनिटं वाया गेली, एवढंच दिसलं.

शनिवारी पट्टी आली. तिसरी रांग फिकट होती. मुंजाबानं सांगितलं होतं तशीच: काही फुटलेलं, काही उरलेलं. ती पट्टी अमृतानं सरांच्या टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतःच्या अक्षरातला एक कागद ठेवला. त्यात तीन वाक्यं होती. खंडेनवमीला विभागप्रमुखांच्या सूचनेवरून घोटण्याचे भांडे पूजेसाठी बाहेर काढले. ते मी साबणाने, दट्ट्या उघडून धुतले. त्या दिवशी मामा रजेवर होते.

"नाव माझंच लिहिलंय, सर," ती म्हणाली. "माझं करिअर एवढ्यानं जाणार असेल तर जाऊ दे. पण तिसरी रांग कोरी असताना ते कसं राहणार होतं?"

मुंजाबा दाराशी उभा होता. त्यानं तिला असं लिहायला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हता.

सोमवारी दुपारी तीनला लिपिक आला. पुन्हा वही, पुन्हा सही. मुंजाबानं हात धुतले, पुसले. कागदावर लिहिलं होतं की तपासणीअंती प्रयोग फसण्याचे कारण भांड्यावरील साबणाचा अंश असल्याचे आढळले. सदर भांडे परिचरांच्या रजेच्या काळात विभागप्रमुखांच्या सूचनेने बाहेर काढण्यात आले होते. सबब दिनांक अमुकचा मेमो रद्द करण्यात येत असून सेवापुस्तकातील नोंद खोडण्यात येत आहे. दिलगिरीचा शब्द नव्हता. तीनदा वाचला तरी सापडला नाही.

तो आस्थापना कक्षात गेला आणि सेवापुस्तक काढायला लावलं. नोंदीवर तांबडी रेघ मारली जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. रेघ मारून झाल्यावर शेजारी सही आणि तारीख घालायला लावली. लिपिक म्हणाला, "मामा, झालं ना आता? निरोपाला सर शाल देणार आहेत म्हणे."

"शाल कुणालाबी देतात," मुंजाबा म्हणाला. "ती राहू द्या."

गुरुवारी कलेजी आली. अमृतानं भांडं बर्फात ठेवलं आणि बाजूला सरकली. मुंजाबानं दट्ट्या धरला, सात फेऱ्या मारल्या, भांडं बाजूला केलं. दोन दिवसांनी पट्टीवर तिसऱ्या रांगेत रेघ आली, काळी, सरळ, चिठ्ठी कापल्याएवढी खाली. सरांनी ती खिडकीशी धरून पाहिली आणि "उत्तम" म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

अजून सहा प्रयोग राहिले होते आणि मुंजाबाचे दिवस थोडे. पुढच्या गुरुवारी त्यानं दट्ट्या अमृताच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या शेजारी उभा राहिला, मोतीराम सर उभे राहायचे तसा.

"खाली जोरानं. वर सावकाश. वर लई सावकाश, ताई, दट्ट्याला वाटलं पायजे का तुम्हाला दुसरं काम नाय."

ती घोटत होती. कपाळावर घाम आला होता, ओठ दाताखाली धरले होते. डावा हात बर्फात लाल झाला होता, पण हलत नव्हता. शेवटच्या फेरीला रस एकसारखा, दाट तपकिरी दिसला. तिनं दट्ट्या बाहेर काढला आणि त्याच्याकडं पाहिलं.

"आठ झाल्या," मुंजाबा म्हणाला.

"सातच केल्या मी, मामा."

"तिसरी अर्ध्यातून सोडली, पुन्हा केली. ती एक धरायची."

"एकानं काय होतंय?"

 त्यानं नळी उचलली, मोरीत ओतून दिली, पाणी उकळायला ठेवलं. बर्फाच्या डब्यात कलेजीचा दुसरा तुकडा होता. तो त्यानं सकाळीच हनीफकडून मागून घेतला होता, हे होणार म्हणून.

"बर्फ आणतो," तो म्हणाला. "हात पुसून घ्या तोवर."